झेनी पाल्मारेसचा अर्ज

ज्या दिवशी दुकानातलं पीठ मळायचं यंत्र उचलून नेलं, त्या दिवशी झेनी पाल्मारेस अक्कलदाढ काढायला शेजारच्या गावी गेली होती. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन ती पहाटेच कामावर आली, दिवा लावला, तर यंत्राच्या जागी फरशीवर चार गोल डाग तेवढे राहिलेले. दुरुस्तीला नेलं असेल, असं तिला वाटलं. मैद्याचं पोतं आणायला मागच्या खोलीत गेली, तर पोतीही गायब. तिथे छताला टेकेल एवढा नवा फ्रीजर उभा होता. आत खोक्यांवर खोकी. एक उघडून बघितलं. आत पाव होते. अर्धेमुर्धे भाजलेले, पांढरेफटक, दगडासारखे टणक.

मॅनेजर डॅरल आठ वाजता आला. तोवर झेनी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसून होती.

"दाढ कशी आहे?" त्याने विचारलं.

"यंत्र कुठंय?"

डॅरलने टोपी काढली, परत घातली. "वरचा निर्णय आहे, झेनी. सगळ्याच शाखांत. पाव आता शहरातून गोठवून येणार. तू फक्त ट्रे ओव्हनमध्ये ठेवायचे, बारा मिनिटांनी काढायचे. उरलेला वेळ फळ्या भरायच्या, गर्दी असली की गल्ल्यावर बसायचं. पगार तोच. हुद्दाही तोच. बेकरच म्हणायचं तुला."

"आणि बेकर करणार काय?"

"बारा मिनिटं," डॅरल म्हणाला आणि स्वतःच हसला. मग तिच्या गालाकडे लक्ष गेलं तसं त्याने हसू आवरलं. माणूस वाईट नव्हता. एल्डनसारख्या गावात, जिथे चारी बाजूंना गव्हाची शेतं आणि हिवाळ्यात चार महिने बर्फ, तिथे टिकून राहणारा बेकर मिळेना म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानेच तिला बोलावून घेतलं होतं. विमानतळावर उतरवून घ्यायला तो स्वतः गेला होता. सोबत बायकोचा जाड कोट नेला होता, आणि तो त्याने परत मागितला नव्हता.

झेनी फिलिपिन्समधल्या इलोइलोकडची. बापाची लाकडावरची भट्टी होती. सातव्या वर्षी तिच्या हातात पिठाचा पहिला उंडा आला. पुढे बाप गेला, भट्टी गेली. नवरा सेबूला कामासाठी गेला तो तिकडचाच झाला. चार वर्षांची रिआ बहिणीच्या पदरात टाकून झेनी हाँगकाँगला गेली आणि चौदा वर्षं लोकांची घरं पुसली. कॅनडातल्या या दुकानाची जाहिरात दिसली तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढे कामवाली सोडून दुसरं काहीतरी लिहिलं. बेकर.

त्या एका शब्दावर सगळं उभं होतं. कसबी कामगार म्हणून प्रांताने तिचं नाव पुढे पाठवलं होतं, ते या दुकानातली बेकर म्हणून. त्या शिफारशीवर पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज जूनमध्ये गेला. अर्जात रिआचं नाव होतं. बावीस वर्षांच्या आतलं मूल आईसोबत येऊ शकतं, आणि वय धरतात ते अर्ज कार्यालयाच्या हातात पडला त्या दिवसाचं. त्या दिवशी रिआ एकवीस वर्षं चार महिन्यांची होती. म्हणजे अर्ज जिवंत आहे तोवर, मग दोन वर्षं लागोत की तीन, कागदावर रिआ एकवीस वर्षांचीच.

रिआ इलोइलोत एका कॉल सेंटरवर होती. मनिलाला बढती देत होते, ती तिने नाकारली. एका हॉटेलात चांगली जागा होती, पण तिथे दोन वर्षांचा करार होता, तोही केला नाही. "कशाला अडकू, नानाय?" ती फोनवर म्हणायची. आईला ती नानाय म्हणे. "कधीही बोलावतील. बॅग अर्धी भरलेलीच आहे."

रविवारी चर्च सुटलं की एल्डनमधली सगळी फिलिपिनो मंडळी देल्फाच्या घरी जमत. देल्फा पन्नाशीची. हमरस्त्यावरच्या मोटेलात होती. सगळे तिला मानांग, म्हणजे थोरली बहीण म्हणत. सुकी मासळी ती उघड्या खिडकीपाशी तळायची आणि शेजारचा म्हातारा खिडकी धाडकन लावायचा, हा दर रविवारचा नेम. झेनीने यंत्राची गोष्ट सांगितली तेव्हा देल्फाने हातातलं उलथनं खाली ठेवलंसुद्धा नाही.

"पगार तोच ना? हुद्दा तोच ना? मग तू बेकर. विषय संपला."

"पण मानांग, मी बेकिंग करतच नाही आता."

"आणि मी? माझ्या कागदावर काय होतं माहितीये? स्वयंपाकघराची पर्यवेक्षक! माझ्या त्या स्वयंपाकघरात संडास किती, विचार की."

"किती गं?" कुणीतरी विचारलं.

"अठ्ठावीस. आणि सगळ्यांची झाकणं मी पर्यवेक्षण करून घासलीत." बायका हसून लोटपोट झाल्या. झेनीही हसली. देल्फाला पीआर मिळून वर्ष झालं होतं. तिचा मोठा मुलगा उन्हाळ्यात येऊन पेट्रोल पंपावर लागलासुद्धा होता. आत्ता तो तिथेच कोपऱ्यात ताट घेऊन बसला होता.

त्या हिवाळ्यात गावातल्या म्हाताऱ्या पाव उचलून दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "झेनी, हल्ली तुझा हात बिघडला गं." ती "हो" म्हणायची. काय सांगणार?

नोव्हेंबरात पत्र आलं. अर्जाची तपासणी चालू आहे, मालकाकडून आजच्या तारखेचं पत्र पाठवा: हुद्दा कोणता, आणि रोज प्रत्यक्ष काय काय काम करता. मुदत तीस दिवस.

झेनी डॅरलच्या खोलीत गेली. त्याने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मग संगणकावर बसला, चार ओळी टाइप केल्या, आणि पडदा तिच्याकडे वळवला. हुद्दा: बेकर. काम: तयार पाव ओव्हनमध्ये गरम करणे, माल फळीवर लावणे, गल्ला सांभाळणे.

"हे असं नको," झेनी म्हणाली. "पीठ मळते, असं लिहा. खमीर, आकार देणं, भाजणं. पूर्वी लिहिलं होतंत तसं."

"पूर्वी ते खरं होतं."

"डॅरल, माझी मुलगी आहे त्या अर्जात."

त्याने टेबलावरचं पेन उचललं. "माझी सही असते खाली," तो म्हणाला. "उद्या कुणी येऊन मागची खोली उघडली तर? मलाही घर आहे, झेनी." त्याने कागद छापला, सही केली, नीट पाकिटात घालून तिच्या हातात दिला. त्या आठवड्यात तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

देल्फाकडे उपाय तयार होता. "जुनं पत्र आहे ना तुझ्याकडे? तेच पाठव. तारखेतले दोन आकडे बदलायचे. मी फोनवर करून देते, पाच मिनिटांचं काम. माझं तसंच केलं होतं."

"पकडलं तर पाच वर्षं बंदी."

"पकडतंय कोण? त्यांच्याकडे लाखभर अर्ज. तुझे पाव चाखायला येणारेत का ते?" देल्फाने तिचा हात धरला. "हे बघ, खरेपणा देवापुढे. इथे कागदापुढे कागद ठेवायचा."

झेनीने जुनं पत्र शोधून काढलं. तीन दिवस ते उशीखाली होतं. तिसऱ्या दिवशी तिने ते घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि डॅरलचं पत्रच पाठवून दिलं. सोबत स्वतःच्या हाताने लिहिलं, की दुकानातलं काम माझ्या इच्छेविरुद्ध बदललं आहे, मी बेकरच आहे आणि बेकरचीच दुसरी नोकरी शोधते आहे. पुढे लोकांनी तिला विचारलं, एवढी हिंमत कुठून आणलीस? हिंमत कसली! ती नुसती घाबरली होती. खोटं पकडलं जाईल या भीतीपुढे खऱ्याची भीती तिला लहान वाटली, इतकंच.

नोकरी सापडली ती ऐंशी किलोमीटरवर, रोझबर्गला. तिथे एका युक्रेनी म्हातारीची जुनी बेकरी होती. गाव तिला बाबा स्टेफा म्हणायचं. त्या लोकांत आजीला बाबा म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, बोटं संधिवाताने वाकडी. झेनी रविवारी बस बदलून पोचली तेव्हा बाबा स्टेफाने नाव-गाव काही विचारलं नाही. ओट्यावर राईचं, म्हणजे तिकडच्या एका काळपट धान्याचं, पीठ ओतलं आणि म्हणाली, "मळ."

झेनीने बाह्या सरसावल्या. राईचं पीठ तिच्या ओळखीचं नव्हतं. चिकट, हट्टी, मैद्यासारखं ऐकणारं नव्हे. तिने पाणी थोडं थोडं घातलं, हात ओले ठेवले, आणि घाई केली नाही. चार महिन्यांनी तिचे हात पिठात गेले होते. म्हातारी खुर्चीत बसून बघत होती.

"मीठ अंदाजाने घातलंस. कुणी शिकवलं?"

"बापाने."

"चांगला माणूस असणार."

"दारुडा होता."

"दोन्ही असू शकतं," बाबा स्टेफा म्हणाली. "माझा नवरा होता की." मग तिने उंड्यात एक वाकडं बोट खुपसलं. उंडा हळूहळू परत वर आला. "कधी येतेस?"

येणं एवढं सोपं नव्हतं. झेनीचा कामाचा परवाना डॅरलच्या दुकानाला बांधलेला. नव्या मालकाने आधी जाहिरात द्यायची, गावातलं कुणी मिळत नाही हे दाखवायचं, मग सरकारची मंजुरी, मग नवा परवाना. म्हातारी भिंग घेऊन अर्ज भरत बसायची आणि झेनीला फोन करून शिव्या घालायची, तिला नव्हे, अर्जाला. जाहिरातीवर दोन माणसं आली. एकाने पहाटे चारला यायचं ऐकून पाठ फिरवली. दुसऱ्याला पिठाची ॲलर्जी होती.

"पिठाची ॲलर्जी, आणि आला बेकरीत!" म्हातारी फोनवर ओरडली. "याला मी हाकललं नाही, हे पण लिहायचं का कुठे?"

फेब्रुवारीत रिआचा वाढदिवस झाला. इलोइलोतल्या घरी मावशीने लांब शेवया केल्या होत्या, दीर्घायुष्याच्या. रिआने काट्यावर शेवया उंच धरून फोनसमोर नाचवल्या. "बघ नानाय, बावीस! पण कागदावर एकवीसच हं. मी अशी एकटीच बाई असेन जगात, जिचं वय सरकारने धरून ठेवलंय." ती हसत होती. झेनीही इकडे हसली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की रिआने या वेळी बॅगेचं नाव काढलं नव्हतं.

कामाचा परवाना एप्रिलमध्ये आला. बर्फ वितळून रस्त्यांचा नुसता चिखल झाला होता. डॅरलने स्वतःच्या गाडीतून तिचं सामान रोझबर्गला पोचवलं. निघताना म्हणाला, "मी लिहायला हवं होतं का, तुला हवं होतं तसं?" झेनीने शेवटची पिशवी उचलली. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

नोकरी बदलली की प्रांताला कळवायचं, असा नियम होता. तिने त्याच आठवड्यात कळवलं: मी पूर्वीही बेकर होते, आता पुन्हा खरी बेकर आहे, पगार थोडा जास्तच आहे. पत्र लिहिताना तिला आत कुठेतरी वाटत होतं, की वाचणारा माणूस खूश होईल.

जूनमध्ये उत्तर आलं. ती पावांचा ट्रे रॅकवर सरकवून हात पुसत होती, तेव्हा फोनवर उघडलं. भाषा अगदी नम्र होती. शिफारस पूर्वीच्या मालकाकडील नोकरीच्या आधारे दिली होती. तो आधार आता उरला नाही. त्यामुळे शिफारस मागे घेण्यात येत आहे. यात आपला दोष गृहीत धरलेला नाही. नव्या मालकाकडे सहा महिने पूर्ण झाल्यावर आपण पुन्हा अर्ज करू शकता.

"काय लिहिलंय?" बाबा स्टेफाने विचारलं.

"दोष नाही म्हणे माझा."

"मग बरंच आहे की."

झेनीने वाचून दाखवलं. म्हातारीने एप्रनला हात पुसले. "सहा महिने ना? ऑक्टोबरला परत अर्ज करू. सहा महिन्यांत मी काही मरत नाही."

"माझं होईल हो. रिआचं नाही होणार. ती बावीसची झाली."

म्हातारीला हिशेब समजायला थोडा वेळ लागला. समजला तेव्हा ती खुर्चीत बसली आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. त्या दिवशी तिने बेकरी दुपारीच बंद केली. गावात कुणी तसं पूर्वी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात राजधानीतून दुसरं पत्र आलं. शिफारस नसल्याने अर्ज नामंजूर.

झेनीने रविवारी सकाळी फोन लावला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होती, मागे मावशीच्या भांड्यांचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं.

"इंदाय, पोरी? ऐकतेयस ना?"

"टिटा देल्फाने सांगितलं होतं मला," रिआ म्हणाली. टिटा म्हणजे मावशी. "मागेच. जुनं पत्र पाठवायचं होतंस, दोन आकडे बदलून."

"खोटं होतं ते."

"सगळ्यांचं खोटं असतं, नानाय. टिटाचा मुलगा आहे ना तिथे? त्याला विचार, खोट्यावर झोप लागते का. घोरत असेल." मग तिचा आवाज बदलला. "गप्प बसायचं होतंस फक्त. थोडे महिने ट्रे सरकवत गप्प बसायचं होतं. तुला पीठ मळायचं होतं म्हणून गेलीस तू."

"तसं नाही गं..."

"मी मनिलाला गेले नाही. हॉटेलातली नोकरी घेतली नाही. चार वर्षांची होते तेव्हापासून मी अर्धी भरलेली बॅग आहे, नानाय." मागे भांड्यांचा आवाज थांबला होता. "ठेवते."

झेनी ओट्याशी उभी राहिली. मुलीच्या बोलण्यातलं कुठलं खोटं आणि कुठलं खरं, हे ती वेगळं काढू बघत होती. पीठ मळायचं होतं म्हणून गेलीस. राईच्या पिठात हात गेले त्या रविवारी तिला काय वाटलं होतं, ते तिला चांगलं आठवत होतं. ते नाकारणं जमेना.

देल्फा ऑगस्टमध्ये एकदा भेटायला आली, मुलाच्या गाडीतून. विनिपेग शहरातल्या दुकानातून सुकी मासळी आणि तांदूळ आणले होते. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या.

"मी पोरीला सांगायला नको होतं," देल्फा म्हणाली.

"सांगितलंस ते खरंच होतं, मानांग."

"मला अजून टपालवाला दिसला की मी दाराआड होते, झेनी. तुला तेवढं तरी नाही."

झेनीने मान हलवली. गाडीत बसलेल्या मुलाने हॉर्न वाजवला. देल्फाने त्याच्याकडे बघून हाताने थांब अशी खूण केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो लटका वैताग आला तो झेनीला बघवला नाही. ती मासळीची पिशवी घेऊन आत गेली. त्यानंतर ती एल्डनच्या रविवारी कधी गेली नाही. बस नसते, असं सांगायची.

सप्टेंबरात रिआचा निरोप आला, लिहून. आखाती देशात एका हॉटेलात साफसफाई विभागात दोन वर्षांचं काम मिळालं आहे, निघते आहे. खाली एक ओळ होती: तू अर्ज कर, एकीचं तरी होऊ दे. झेनीने त्या ओळीत राग शोधला, माया शोधली. दोन्हींपैकी काहीच ठामपणे सापडलं नाही. साफसफाई विभाग हे शब्द मात्र तिने पुन्हा पुन्हा वाचले. हाँगकाँगची चौदा वर्षं तिने याचसाठी काढली होती, की हे शब्द मुलीच्या वाट्याला येऊ नयेत.

ऑक्टोबरात सहा महिने भरले. बाबा स्टेफाने पत्र लिहिलं, भिंग धरून, अक्षरन् अक्षर खरं: पीठ मळते, खमीर सांभाळते, राईचा पाव माझ्यापेक्षा बरा करते. शेवटचं वाक्य काढावं लागेल, असं झेनी म्हणाली. म्हातारी म्हणाली, राहू दे, सरकारलाही कळू दे.

अर्जदाराला वय, अनुभव अशा गोष्टींचे गुण देतात, आणि या वेळी ते घटले होते. चव्वेचाळिसावं लागलं होतं, आणि दर वाढदिवसाला थोडे गुण गळतात. तरी काठावर बसत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना झेनी ओट्यावर फॉर्म भरत बसली. सोबत येणारी मुलं, अशी एक चौकट होती. तिथे तिने शून्य लिहिलं. पुढच्या पानावर दुसरी यादी होती, कुटुंबाच्या माहितीची. त्यात सगळी मुलं लिहायची, वय काहीही असो, येणार असोत वा नसोत. नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता.

पत्ता तिला माहीत नव्हता. तिने रिआला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: इमारतीचा नंबर, खोलीचा नंबर, गल्ली, टपालपेटी. मागेपुढे एक अक्षर नव्हतं. झेनीने तो पत्ता फॉर्मवर उतरवला, चौकटीत मावेना म्हणून अक्षरं बारीक काढली, आणि एकेक आकडा पुन्हा पडताळून पाहिला.

अर्ज गेला त्याला आता सव्वा वर्ष झालं. बाबा स्टेफाने हिवाळ्यात पडून कंबर मोडून घेतली आणि बेकरी विकायची बोलणी सुरू आहेत. घेणाऱ्याला पाव करायचा आहे की जागा हवी आहे, ते अजून कळलेलं नाही. झेनी पहाटे येते, राईचं पीठ भिजवते. फोनवर कार्यालयाच्या पानावर रोज एकदा बघते. तिथे तेच लिहिलेलं असतं: आपला अर्ज विचाराधीन आहे.